व्हॅनिलाचा वास

सोनागिरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड फोरमन राहतात. बायकोला सिगारेट सोडण्याचा शब्द दिलाय, म्हणून गच्चीवर चोरून पाइप ओढतात. व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू नटबोल्ट आवळल्यासारखी मन लावून भरतात आणि मला बजावतात, "ही सिगारेट नाही भाई, खुशबू आहे खुशबू!"

पहिल्याच दिवशी ते खाली उतरले तशी काकूंनी विचारलं, "केकचा वास येतोय का हो?"

"तुझ्यासाठीच आणलाय, स्कूटरच्या डिकीत राहिला," म्हणत ते जे सुटले ते थेट जवाहर चौकातल्या बेकरीत. तेव्हापासून पाइप ओढला की केक आणावाच लागतो.

परवा काकूंनी मलाही तुकडा दिला. मी म्हटलं, "काका हौशी आहेत."

"आहेतच," काकू हळूच म्हणाल्या, "पण दर वेळी व्हॅनिलाच. त्या तंबाखूत चॉकलेटचा वास मिळत नाही का हो?"