सातवा चिंचोका

आमच्या शेजारच्या काकू कोणावर रागावत नसत. राग आला की त्या तो लोणच्यासारखा मुरायला ठेवत. समोरच्या माणसाला वाटे, बाई विसरल्या. दोन-चार वर्षांनी कधीतरी बरणी उघडे आणि त्या माणसाचे दात आंबत.

इंदिरानगरातली आमची सोसायटी नवी होती तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावरच्या वहिनी होळीला काकूंची पुरणपोळी खाऊन म्हणाल्या, "छान आहे हो, फक्त जरा जाड झालीय." काकू हसल्या. पुढच्या होळीला वहिनींकडे पोळी गेली ती वर्तमानपत्रावर ठेवून, आणि पोळीतून खालचा अग्रलेख वाचता येत होता. "वाचून झालं की सांगा, दुसरं पान पाठवते," असा निरोपही सोबत होता. हे ओळीने पाच होळ्या चाललं. सहाव्या वर्षी वहिनी घर बदलून गेल्या. त्याचा पोळीशी काही संबंध नव्हता, असं त्यांचे यजमान अजून सांगतात.

मी कॉलेजात शिकवत असे. दारावर 'प्राध्यापक' अशी पाटीही होती. काकूंनी ती कधी मानली नाही. "मास्तरला मास्तर म्हटलेलंच बरं. साहेब म्हटलं की तो शिकवायचं सोडतो." मोठेपणाच्या झुलीखाली बैलच असतो, याबद्दल त्यांची पक्की खात्री होती. ही खात्री त्या एकदाच विसरल्या, आणि तेच त्यांना आयुष्यभर सललं.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात एका बाईंचे स्वयंपाकाचे वर्ग चालत. बाई त्याला 'पाकशाळा' आणि स्वतःला 'प्राचार्या' म्हणवत. काकू हौसेने तिथे जायला लागल्या आणि बोलता बोलता आपल्या आईच्या शेंगोळ्यांविषयी सांगून बसल्या. शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाची छोटी वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. थंडीत घरोघरी होतात, पण काकूंच्या आईचा हात वेगळा होता. प्राचार्यांना ते बघायचेच होते. काकूंनी त्यांना मोठ्या अभिमानाने कळवणजवळच्या माहेरी नेलं. आई चुलीशी बसली, प्राचार्या वही घेऊन पाटावर बसल्या. लिहून झालं, जेवण झालं. प्राचार्यांनी तीनदा मागून घेतलं.

वर्षभरात प्राचार्यांचं पुस्तक आलं. प्रकाशनाला काकू आईलाही घेऊन गेल्या. म्हातारी नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. व्यासपीठावरून प्राचार्या म्हणाल्या, "शेंगोळे ही आमच्या आजेसासूबाईंची देणगी." काकू उठून उभ्या राहिल्या. "बाई, ते माझ्या आईचे आहेत. ही काय, इथेच बसलीय." प्राचार्या प्रेमळ हसल्या. "अहो, ग्रामीण भागात असले प्रकार घरोघरी असतात. त्याला मालक नसतो. आमच्या शेंगोळ्यांत मात्र एक गुपित आहे. ते मी पुस्तकातही राखून ठेवलंय." टाळ्या पडल्या. म्हातारीने विचारलं, "काय म्हनली गं ती?" काकू म्हणाल्या, "काही नाही. चल."

अपमान काकूंनी बरणीत घातला असता. पण 'गुपित' हा शब्द बरणीत मावेना. आपल्याला माहीत नाही असं त्यात काय आहे? आईने लेकीपासून लपवलं आणि एका परक्या बाईला सांगितलं? एका दिवाळीत न राहवून त्यांनी विचारलंच. म्हातारी म्हणाली, "मी काय लपवू बाई तुझ्यापाशी? हुलगे, लसूण न् मीठ. लय झालं." काकूंचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. शेवटी शेवटी आई त्या विषयावर नुसती मान फिरवायची. आणि एका उन्हाळ्यात ती गेली. "आईला मी खोटं पाडत राहिले हो मास्तर," काकू मला एकदा म्हणाल्या, "आणि ती गेली." त्यानंतर त्यांनी शेंगोळे करायचं सोडलं.

दोन हजारनंतर माझ्याकडे कॉम्प्युटर आला, फोनच्या तारेवर कण्हत चालणारं इंटरनेट आलं. एका रविवारी सकाळी काकू दारात उभ्या. "लेक म्हणते, तुमच्या त्या यंत्राला विचारलं की कुठलीही रेसिपी सापडते. आमचे शेंगोळे विचारा." सर्च इंजिनला त्या पहिल्या दिवसापासून 'खबऱ्या' म्हणत. खबऱ्याला मराठी अक्षरं कळत नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'शेंगोळे' लिहिलं. काही नाही. शेवटचं अक्षर बदलून 'शेंगोळ्या' लिहिलं. खबऱ्याने कुठल्यातरी आडनावाची माणसं दाखवली. "माणसं नकोत, शेंगोळे पाहिजेत," काकू पडद्याला म्हणाल्या. मग 'शेंगुळे' लिहिलं आणि प्राचार्या प्रकट झाल्या. खांद्यावर शाल, हातात पळी, खाली इंग्रजीत मजकूर.

मी मराठी करत वाचू लागलो. "आता प्रथमच उघड करत आहोत आमच्या घराण्याचं गुपित. पातेल्यावर झाकण उलटं ठेवावं आणि त्यावर सात चिंचोके मांडावेत. सात हीच संख्या पाळावी. चिंचोके वाफेतला उग्रपणा शोषून घेतात."

काकूंनी चष्मा काढला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. इतक्या, की मला पाणी आणावं लागलं.

"मास्तर, माझ्या आईला अंक येत नव्हते. जेवायला किती माणसं, ते ती चिंचोक्यांनी मोजायची. माणसामागे एक चिंचोका, चिंचोक्यामागे दोन मुठी पीठ. घरंगळू नयेत म्हणून झाकण उलटं करून त्यात ठेवायची. त्या दिवशी आई, दादा, भाऊ, भावजय, मी आणि आमचे हे. सहा झाले." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सातवा चिंचोका ही बया होती. स्वतःलाच मोजून घरी घेऊन गेली."

हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आईने काहीच लपवलं नव्हतं." आणि आवाज बदलला. "आता हिला सोडत नाही."

त्यानंतर दर रविवारी काकू खबऱ्याकडून माहिती काढायला येत. प्राचार्यांची पाककृती दुसऱ्यांनी उचलली होती, त्यांची तिसऱ्यांनी. अमेरिकेतल्या एका मराठी बाईंनी लिहिलं होतं, चिंचोक्यांनी खरंच फरक पडतो. एका वैद्यांनी त्याला आयुर्वेदाचा आधार दिला होता. चिंचोके मिळत नसतील तर बदाम चालतील का, असा एक प्रश्न होता. 'गुण येणार नाही' असं उत्तर होतं. मी म्हटलं, "काकू, खरं काय ते लिहून टाकू या का?" त्या म्हणाल्या, "थांबा. अजून मुरू द्या."

मुरायला दीड वर्ष लागलं. आमच्याच भागातल्या महिला मंडळाने प्राचार्यांचं प्रात्यक्षिक ठेवलं. काकू आईचं ते लुगडं नेसून आल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. प्राचार्यांनी झाकण उलटं केलं, एकेक चिंचोका मोजून मांडला. काकूंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"बाई, सातच का हो?"

"उत्तम प्रश्न. सात ही आपल्या संस्कृतीत पूर्णत्वाची संख्या. सप्तर्षी, सप्तसूर, सप्तपदी. आमच्या आजेसासूबाईंचा त्यामागे मोठा विचार होता."

"आणि आठ घातले तर?"

"तर रस्सा कडू होतो. आमच्याकडे अनुभव आहे."

"कडू नाही होत. एक माणूस जास्त जेवतो," काकू म्हणाल्या, आणि शांतपणे, आवाज न चढवता, आईची मोजायची रीत आणि माहेरी त्या दिवशी जेवलेल्या सातही माणसांची नावं आणि नाती सांगितली. सातवं नाव घेताना प्राचार्यांकडे बोट केलं. "तुम्ही तीनदा घेतलंत. आईला नंतर पीठ वाढवावं लागलं. पण पाहुण्यामागे तिने दुसरा चिंचोका टाकला नाही. तेवढी रीत होती तिला. नाहीतर आज जगभर नऊ झाले असते."

सभागृहात आधी एक बाई हसली, मग सगळ्या. प्राचार्यांनी झाकण सुलटं केलं. चिंचोके घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेले. काकूंनी वाकून सातही वेचले आणि पदरात बांधून घरी आणले. त्या संध्याकाळी त्यांनी शेंगोळे केले. मी जेवायला होतो. झाकणावर तीन चिंचोके होते: काका, काकू आणि मी.

काकूंनी मला एक खोड लावून ठेवली. कुणी विद्वान एखाद्या प्रथेचं गहन रहस्य उलगडू लागला की माझ्या मनात एकच प्रश्न येतो, त्या दिवशी जेवायला किती माणसं होती? या खोडीमुळे मला बऱ्याच सभांना पुन्हा बोलावणं आलेलं नाही.

काका गेल्यावर काकू लेकीकडे बंगळूरला गेल्या. प्राचार्यांनी आपल्या पानावरून चिंचोके गुपचूप काढून टाकले, पण ज्यांनी उचलले होते त्यांच्याकडे ते तसेच राहिले. काकू वारल्या त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना फोन केला होता. आवाज पार खोल गेला होता. मी सांगितलं, "काकू, खबऱ्याने आज नवीन पान दाखवलं. तिथे चिंचोके अकरा झालेत."

"अकरा?" त्या खूष झाल्या. "आईकडे पाहुणे वाढले म्हणायचे. पीठ वाढवायला सांगा." मी फोन ठेवायला लागलो. तेवढ्यात पुन्हा आवाज आला.

"मास्तर, त्या अकरांत ती बया धरलीय का बघा. असेल तर दहाच घाला."