ईरम्माची हिरवी भाकरी

मैंदर्गीच्या बाजारात ईरम्माच्या कडक भाकरीला तोड नव्हती, हे मी पैजेवर सांगतो. ती भाकरी हिरवट असायची.

बारा वर्षं ती नवऱ्याबरोबर कोकणात चिऱ्याच्या खाणीवर राबली. ओहोटी लागली की खडकांवर पातळ हिरवं शेवाळ उघडं पडायचं, ओल्या लुगड्याच्या चिंध्यांसारखं. एका कोळणीनं तिला ते खुडायला शिकवलं. तीन पाण्यांत धुवायचं, वाळवायचं, तव्यावर कुरकुरीत करून चुरायचं. नवरा खाणीत दगावला, तशी ईरम्मा गावी परतली. कोळीण मग एसटीनं पार्सल धाडायची. ईरम्मा तो चुरा शेंगाचटणीत कुटायची, भाकरीच्या पिठात मळायची, आमटीत चिमूटभर सोडायची. त्यावरच तिचं एकटीचं पोट चालायचं.

एकदा शेजारीण वच्छला आली.

"अक्का, नातवाच्या बारशाला तुझी हिरवी चटणी पायजे."

"शेवाळ संपलंय गं. पार्सल आलं की देते."

"तळं भरलंय की शेवाळानं!"

"त्यात म्हशी लोळत्यात. त्याला हात लावू नगंस. समिंदराचं येगळं."

"लई आली समिंदरवाली!" वच्छला हसत गेली.

बारशाला चटणी झाली, तळ्यातल्या शेवाळाची. दिवस मावळायच्या आत वीस माणसं दवाखान्यात. वाचली सगळी. वच्छलाचा नवरा गुरप्पा भर पंगतीच्या मांडवात ओरडला, "हे कुणी शिकवलं तुला?"

वच्छलानं पदर तोंडाला लावला. "ईरम्मानं."

पुढच्या बाजारी ईरम्मानं उरल्यासुरल्या हिरव्या भाकऱ्यांतली एक सगळ्यांसमोर चावून खाल्ली. "बगा, जित्ती हाय की मी!"

"तुला सवय हाय, अक्का," श्रीमंत नावाचा भाजीवाला म्हणाला. "आमची आतडी मैंदर्गीची हायत."

माणसं हसली. ईरम्मानं वच्छलाकडं बघितलं. वच्छला वांगी निवडत होती. एका वांग्याला कीड आहे का, हे तिनं फार वेळ बघितलं.

त्या दिवशी एकही भाकरी खपली नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. कोळणीचं पार्सल आलं, ते ईरम्मानं फोडलं नाही. ती पांढऱ्या ज्वारीची साधी भाकरी करू लागली, चारचौघींसारखी. तेवढी खपते.

परवा वच्छला तिच्यापुढं उकिडवी बसली. भाकरी उजेडाला धरली, उलटी केली, हुंगली.

"कायबी घातलं न्हाईस न्हवं, अक्का?"

"न्हाय," ईरम्मा म्हणाली, आणि भाकऱ्या कागदात बांधून दिल्या.