सुनंदाताई ‘मर्जीनं’ राहत नव्हती

दिवाळीनंतरच्या रविवारी येलदरीला गेले होते. मामेभावाच्या नातवाचं जावळ होतं, सगळा गोतावळा जमलेला. नव्हती ती फक्त मामेभावाची सख्खी बहीण, आमची सुनंदाताई... आणि ती राहते पलीकडच्याच गल्लीत.

विचारलं तर वहिनी म्हणाली, तिला बोलावलंच नाही. ती आली की वास येतो, पाहुण्यांत बरं दिसत नाही. दोघीतिघी पदर नाकाला लावून हसल्या.

ताई पन्नाशीची. गावात ब्लाउज शिवायचा तर तिच्याकडेच. स्वतः कायम इस्त्रीच्या साडीत. मामी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं ताईनं एकटीनं केलं. मामी गेली, तेरावं झालं... आणि त्यानंतर ताईकडे कुणी वळून पाहिलं नाही.

मी ताटावरून उठले आणि तिच्या घरी गेले. बराच वेळ कडी वाजवल्यावर दार उघडलं. मी तिला पटकन ओळखलंच नाही.

केसांच्या जटा झालेल्या. शिलाई मशीनवर धुळीचा थर. पातेल्यात बुरशी आलेला भात आणि खाटेखाली बिस्किटाच्या पुड्यांचे कागद. थायरॉइडच्या गोळ्या तशाच पडलेल्या, एक पाकीटही फोडलेलं नाही. पाय सुजलेला, टाचेवर फडकं गुंडाळलेलं.

फडकं सोडलं आणि कळलं. ज्या वासाला बायका हसत होत्या, तो त्या जखमेचा होता...

मी तिच्याजवळ बसून राहिले. ती म्हणाली, “अंगावर पाणी घ्यायचं म्हणलं तरी लय जड वाटायलंय गं. उठावंच वाटत न्हाई.”

दवाखान्यात येतेस का, विचारलं. आधी नको म्हणाली. लोक आधीच येडी म्हणतेत, आता दवाखान्यात नेलं तर शिक्काच बसेल, अशी भीती. मी म्हटलं, आधी फक्त पाय दाखवू, पुढचं तू ठरव. तेव्हा मान हलवली.

गाडी काढायला सांगायला गेले, तर तिचा भाऊ, आमचा दादा, अंगणात पान खात उभा. म्हणाला, “मोठी बाई हाय ती. तिच्या मर्जीनं राहायली. आपण काय करणार?”

मर्जी?... मी सगळ्यांसमोर विचारलं, “टाच सडेपर्यंत कोण मर्जीनं राहतं, दादा?” दादानं गाडीची किल्ली काढून दिली.

परभणीला डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. रक्त कमी, थायरॉइड वाढलेला, जखमेत पू. आणखी उशीर झाला असता तर पायावर बेतलं असतं, म्हणाले. मग मनाच्या डॉक्टरांनी तपासलं. हे नैराश्य आहे, आळस नाही आणि वेडही नाही, हे त्यांनी ताईलाच नीट समजावून सांगितलं. ती तिथंच रडली.

आता पाय भरत आलाय. गोळ्या चालू आहेत. आंघोळ काही दिवशी होते, काही दिवशी नाही. वहिनी मात्र अजून म्हणते, मी घरची अब्रू गावभर घालवली. म्हणू देत... पाय सडत होता तेव्हा ही अब्रू कुठं होती?

चांगलं राहणारं माणूस अचानक आंघोळ, जेवण, औषध सोडून देतं, दुखणं अंगावर काढतं, कुणाला भेटेनासं होतं, तेव्हा त्याला घाणेरडं म्हणू नका. जवळ बसा, काय होतंय ते विचारा. नको म्हणालं तर परत जा, परत विचारा. जखम असेल, खाणंपिणं सुटलं असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे सगळं ताईला वाचून दाखवलं, मगच टाकतेय. नाव बदलू का विचारलं, तर म्हणाली, “राहू दे माझंच. कुणीतरी आपल्या बहिणीकडं जाऊन येईल.”

ताई, हे लिहायला तू हो म्हणालीस, हे तुझे माझ्यावर उपकार आहेत.