गच्चीवरच्या जवळ्याची अट

कागदपत्रांतलं मला कळतं असा आमच्या घरात एक समज आहे. तो मीच पसरवलाय. त्यामुळे सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरचं घर माझ्या नावावर करायचं आईने ठरवलं, तेव्हा बक्षीसपत्राचा मसुदा मीच केला. एक पान, मोठं अक्षर. पनवेलच्या वकीलबाईंपुढे तो ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

बाईंनी वाचला. म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. आईंशी मला एकांतात बोलायचंय."

बाहेर बाकावर आणखी एक मुलगा बसला होता. साठीचा असेल. त्याने सरकून जागा दिली. "तुमालापन काडला?"

अर्ध्या तासाने मला हाक आली.

"आईंच्या दोन अटी आहेत," बाई म्हणाल्या. "पहिली, हयातभर त्या याच घरात राहतील आणि तुम्ही त्यांना सांभाळाल. हे कागदात असलं, तर उद्या काही बिनसल्यास बक्षीसपत्र रद्द करून मागायला त्यांना आधार राहतो. तुमच्या मसुद्यात ते नाही."

नव्हतंच. मला सुचलंच नव्हतं.

"आई, हे काय लिहून घ्यायचं असतं?" माझा आवाज चढला. "मी तुला घराबाहेर काढणार आहे का?"

"तू नाय काडनार, बाला. माजे भाव पन नव्हते काडनार."

माहेरच्या जमिनी गेल्या, तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक बहिणींनी केलं तेच आईने केलं होतं. भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही. त्या दिवशी जेवण झालं, साडी मिळाली. माहेरचं दार तुला कायम उघडं, असं मामा म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. मामा गेले. मामेभावांनी घर पाडून तिथे इमारत उभी केली. पुढच्या गणपतीत आई पातोळ्यांचा डबा घेऊन गेली, तर वॉचमनने विचारलं, "कोनाकडे?" आणि वहीत नाव लिहायला लावलं. घरी आल्यावर हे तिने हसत सांगितलं होतं. आम्हीही हसलो होतो.

"आणि दुसरी अट?" मी हळूच विचारलं.

बाईंनी हसू दाबत वाचलं, "गच्चीवर मासळी वाळत घालण्यास कोणी हरकत घेणार नाही."

आता सांगायलाच हवं. गच्चीवर आम्ही नुकतीच प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती, मध्ये झोपाळा टाकायचा बेत होता. आईला विचारायचं राहून गेलं होतं. तीही काही बोलली नव्हती. मुलाला काय बोलायचं, म्हणून वकिलाला बोलली.

दोन्ही अटी मी माझ्याच हाताने मसुद्यात घातल्या. अक्षर जरा लहान झालं. महिन्याभरात नोंदणी झाली.

पुढच्या रविवारी आईने करंजा बंदरावरून ओला जवळा, ती बारीक कोलंबी, आणवला आणि चादर वगैरे न घेता सरळ हिरवळीवर पसरला. संध्याकाळपर्यंत तो कडक वाळला आणि प्लास्टिकच्या पात्यांत अडकून बसला. मी चष्मा लावून एकेक वेचत बसलो.

"ऊठ," आई म्हणाली, "वेचून द्यायची अट नाय घातली मी."

"राहू दे गं."

मग गुडघ्यावर हात टेकत तीही माझ्या शेजारी खाली बसली.