वार्ताप्रतिनिधीची हयगय

विद्यापीठाचे वार्तापत्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टपालाने येत असे. पिवळसर कागद, आठ पाने, आणि मधोमध मारलेली टाचणी, जी हमखास गंजलेली असे. वाशीमच्या आमच्या लहानशा महाविद्यालयात ते आले, की सहकारी पहिल्या पानावरील परीक्षांच्या तारखा पाहून ते बाजूला ठेवीत. मी मात्र ते शेवटून उघडी. सातव्या पानावर ‘मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे’ असा मथळा असे आणि त्याखाली बारीक टाइपात बातम्या असत: कोणी कोणत्या परिसंवादात निबंध वाचला, कोणाचा प्रबंध मान्य झाला, कोणत्या विभागात कोणाचे व्याख्यान झाले. हे पान मी कपाटाच्या उघड्या दाराआड उभी राहून वाची. वाचताना माझा चेहरा कसा होतो, याची मला खात्री नव्हती.

त्या पानावर माझ्याबरोबर शिकलेल्या मुली भेटत. एम.ए.च्या वर्षी माझ्या वह्या मागून नेणारी एक जण आता विभागप्रमुख झाली होती आणि वर्षातून दोनदा तरी त्या पानावर येई. वह्या तिने वेळेवर परत केल्या होत्या, त्यामुळे तिच्याविरुद्ध मनात धरावे असे काहीच नव्हते. हे मला अधिक लागे.

माझी सुरुवातच उशिरा झाली. पहिल्या वर्गात एम.ए. होऊन मी संसारात गेले, आणि सासऱ्यांचे दीर्घ आजारपण संपले तेव्हा मला छत्तिसावे वर्ष लागले होते. त्याच सुमारास आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राचा विषय सुरू झाला आणि मला व्याख्यात्याची जागा मिळाली. पीएच.डी.साठी मी वऱ्हाडातील आठवडी बाजारांचा विषय योजला होता. त्याचा आराखडा लाल नाडीच्या फाइलीत तीन वर्षे पडून होता. एकदा धीर करून, छापून घेतलेली प्रश्नावली पर्समध्ये घालून मी रिसोडच्या बाजारात गेले. तासभर फिरले, कोणालाही एकही प्रश्न विचारला नाही, आणि अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन दुपारच्या गाडीने परत आले.

त्या सातव्या पानावर आमच्या महाविद्यालयाचा जो मजकूर येई, तो लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. “बाई, तुमची भाषा शुद्ध, अक्षर वळणदार,” असे म्हणून प्राचार्यांनी मला वार्ताप्रतिनिधी केले होते. दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मजकूर रवाना करायचा. कोणाचे व्याख्यान, कोणाची निवड, कोणाचा लेख. इतरांच्या यशाला योग्य ती विशेषणे लावण्याचा मला चांगला सराव झाला होता. माझ्याविषयी लिहावे असे या कामाच्या सहा वर्षांत काही घडले नाही.

मग तो आला. आमच्या विभागातील एक जण दीर्घ रजेवर गेल्याने त्यांच्या जागी एका वर्षापुरता नेमलेला, सव्वीस वर्षांचा, इंझोरीच्या एका बौद्ध शेतकरी कुटुंबातला तरुण. वर्गात तो प्रमाण मराठी बोले आणि वर्गाबाहेर पाऊल पडताच वऱ्हाडी. मुले त्याच्यामागे एस.टी. स्टँडपर्यंत चालत जात. तिथल्या चहाच्या टपरीवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्या वावरांची नावे विचारी आणि पाठकोऱ्या कागदांच्या वहीत लिहून घेई. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असते: चिंचेचं, पांदीवरचं, गोटाळी, धाकल्याचं. वावर विकले जाते, पण त्याचे नाव जुन्याच मालकाचे राहते. काही नावे मात्र छप्पन साली धम्म स्वीकारलेल्या घरांनी जाणीवपूर्वक बदलून टाकली. कोणते नाव टिकले, कोणते बदलले आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला होता, असा त्याचा विषय. विषय उत्तम होता, आणि तो मला सुचलेला नव्हता.

“वावराच्या नावात काय लिवासारखं हाय, गुरुजी?” असे एकाने माझ्यादेखत त्याला विचारले.

“तुमी सांगा तं खरं, काका. लिवासारखं नसलं तं खोडतो,” तो म्हणाला, आणि म्हातारा पाऊण तास बोलत बसला.

मी शेजारच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसले होते. मला रिसोड आठवले.

दिवाळीनंतर विद्यापीठाच्या परिसंवादात त्याने हा निबंध वाचला. परत आल्यावर त्याने सगळी माहिती एका कागदावर लिहून माझ्या हातात दिली. मी त्याच दिवशी बातमी सिद्ध केली: ‘समाजशास्त्राच्या व्याख्यात्यांनी वऱ्हाडातील शेतांची नावे या विषयावर शोधनिबंध सादर केला. निबंधावर उद्बोधक चर्चा झाली.’ वाक्ये निर्दोष होती. पाकिटावर पत्ताही घातला. आणि मग ते पाकीट मी टेबलाच्या खणात, हजेरीपटाखाली ठेवले. उद्या टाकू, असे स्वतःला सांगितले. उद्याही तेच सांगितले. वीस तारीख उलटली तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. प्रत्यक्षात अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले, आणि हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

पुढच्या महिन्याचे वार्तापत्र त्याने माझ्यासारखेच शेवटून उघडले. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “बाई, माझी बातमी दिसत नाही.”

“जागा नसेल उरली,” मी म्हणाले.

“असेल. उन्हाळ्यात कायमच्या जागेसाठी मुलाखत आहे. अर्जाला छापील कात्रण जोडा म्हणून प्राचार्यांनी सांगितलं होतं, म्हणून विचारलं. दुसरं काही छापलेलं नाही ना माझं.” मग हसून म्हणाला, “आणि मायचा धोशा. दर रविवारी विचारते, आलं का म्हणून. पोस्टमनलाही विचारून राह्यली आहे.”

त्यानंतर बातमी पाठविणे अवघड होऊन बसले. महिन्याभरापेक्षा जुनी बातमी वार्तापत्र घेत नसे. विलंबाचे कारण वार्ताप्रतिनिधीने सहीनिशी लिहून दिले, तरच ती स्वीकारली जाई. पाकीट खणातच राहिले. हजेरीपट काढताना त्याचा कोपरा दिसे आणि मी खण घाईने लावून घेई.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याने मला इंझोरीला बोलावले. “या ना बाई. माय म्हणते, बातम्या लिहिणाऱ्या बाईंना घेऊन ये.” नकार देण्यासाठी जे धैर्य लागते, तेही माझ्यापाशी नव्हते. मंगरूळपीरला गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा त्याची आई अंगणात कापूस निवडत होती. तिने लुगड्याला हात पुसले, सतरंजी झटकून टाकली आणि मला नीट निरखून पाहिले.

“तुमीच का त्या? मले वाटलं, मोठ्या आवाजाच्या असान.”

“माय!” तो म्हणाला.

“काय माय? खरं बोल्ली त काय झालं? बसा, बाई. याचं छापून काहून नाही आलं अजून?”

“उशीर होतो कधी कधी,” मी म्हणाले. आवाज खरोखरच फार लहान निघाला.

चहा झाला. तो वही काढून मला गावातली नावे वाचून दाखवू लागला. आई कापसातली किडकी कवडी वेचून बाजूला टाकत ऐकत होती. गोटाळी आले, पांदीवरचं आले. एकाएकी ती म्हणाली, “ते गोटाळी नाही. ते मुकं वावर.”

“मुकं?” त्याने वर पाहिले.

“मालक धुऱ्यावर, बांधावर बसून राह्यते ना. निंदाची पाथ धरली का तोंड बंद. निंदता निंदता कोनी हासलं तरी वरडते. आमी बाया मुकंच म्हन्तो त्याले. अन् पांदीवरचं ते झोळीचं. तिथं निंबाच्या फांदीले लेकराची झोळी बांधता येते. ते पल्याडचं तहानीचं. पानी नाही तिथं जवळपास.”

वहीवरची त्याची पेन्सिल थांबली होती. “मले कधी सांगितलं नाही तू!”

“तू इचारलं कधी? पाटलाले इचारलं, कोतवालाले इचारलं, बापाले इचारलं. वावराची मालकी बापाची असन, पन निंदाले वाकते कोन?”

गावातल्या बायांनी, मग त्या कोणत्याही घरच्या असोत, मजुरीने निंदणी-खुरपणी करताना प्रत्येक वावराला आपले असे दुसरे नाव ठेवले होते, आणि ते पुरुषांना ठाऊक नव्हते. त्याच्या वहीत नसलेले काहीतरी माझ्यासमोर बसून कापूस निवडत होते. मी पर्समधून कागद काढला. तो रिसोडला नेलेल्या प्रश्नावलीचा होता. त्याच्या मागच्या बाजूला मी लिहू लागले, आणि प्रश्न विचारावा लागलाच नाही. शेजारच्या दोघी येऊन बसल्या, एकमेकींना दुरुस्त करू लागल्या, एका नावावरून तर त्यांचे भांडण होता होता राहिले. लिहिताना माझ्या मनात एकच विचार होता: हे त्याने घेऊ नये.

गाडीची वाट पाहताना तो म्हणाला, “बाई, हे तुम्ही लिहा. मी विचारलं असतं तर त्यांनी मला यातलं अर्धंही सांगितलं नसतं. मायने तुमच्यापुढे काढलं, तर ते तुमचंच.”

त्याच्या स्वरात कुठे खोच असेल, म्हणून मी कान देऊन ऐकले. नव्हती. ज्याची बातमी मी अडवून ठेवली होती, त्याने मला विषय देऊन टाकला, आणि देताना जराही विचार केला नाही. मला त्याचा राग आला. इतके सहज देता येते, याचा राग.

सोमवारी मी खण उघडला. जुन्या पाकिटातली बातमी काढून नव्या कागदावर उतरवली आणि खाली विलंबाचे कारण लिहायला बसले. टपालात गहाळ, असे लिहिले असते तर कोणी तपासले नसते. तसे लिहिलेही, आणि फाडले. माझ्या सहीखाली प्राचार्यांचीही सही लागे, म्हणून त्यांच्यापुढे कागद ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. “बाई, हे असंच पाठवायचं? सातवं पान सगळे वाचतात.”

“हो,” मी म्हणाले. सगळे म्हणजे कोण कोण, हे मला त्यांच्याहून अधिक ठाऊक होते.

मार्चच्या वार्तापत्रात ती बातमी आली. त्याच्या निबंधाच्या दोन ओळी, आणि त्याखाली, कंसात: ‘सदर वृत्त महाविद्यालयाच्या वार्ताप्रतिनिधींच्या हयगयीमुळे विलंबाने प्रसिद्ध होत आहे.’ सहा वर्षांत त्या पानावर माझा पहिला उल्लेख झाला तो असा. त्याच पानावर वरच्या बाजूला, माझ्या वह्या नेणाऱ्या मैत्रिणीचे व्याख्यान होते.

त्याने बातमी वाचली. पुन्हा वाचली. मी हजेरीपटात डोके घालून बसले होते. मग तो कात्री मागायला आला. कात्रण कापताना त्याने कंसातली ओळही त्यात ठेवली. ती कापली असती, तर कात्रण अपुरे ठरले असते: दिवाळीनंतरची बातमी मार्चमध्ये का, हे कळले नसते.

पुढच्या आठवड्यात गावाहून येताना त्याने वर्तमानपत्रात बांधलेल्या कुरड्या आणल्या. “मायने दिल्या तुमच्यासाठी.”

“वाचून दाखवलं त्यांना?”

“भाचीने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं पोरीने, कंसासकट.” “माय म्हणाली, ‘हे हयगय करनारं कोन व्हय?’ मी म्हटलं, असन कोनी हापिसातलं.”

कुरड्यांचे पुडके मी हजेरीपटावर ठेवले. त्याचा निबंध, त्याची भाषा, त्याच्यामागे चालणारी मुले, या सर्वांचा हेवा मी वर्षभर केला होता. आईशी तो माझ्यासाठी खोटे बोलला, याचा हेवा मला सर्वांत अधिक वाटला. त्याच्या जागी मी असते, तर नाव सांगितले असते.

जूनमध्ये त्याची कायमच्या जागेवर निवड झाली. ती बातमी लिहायला मला मुळीच आवडले नाही. एक विशेषण अधिक घातले, ते खोडले, पुन्हा घातले. दुपारचा तास संपल्यावर मी स्वतः टपाल कार्यालयापर्यंत चालत गेले, पाकीट पेटीत टाकले, आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग घरी जाऊन लाल नाडीच्या फाइलीतला बाजारांचा आराखडा बाहेर काढला आणि तिच्यात इंझोरीचे कागद ठेवले.