वारा सरेपर्यंत उपास

जॉन्जू शहरातल्या नर्सिंग कॉलेजात प्यो बाई आम्हाला शिकवत. शस्त्रक्रियेनंतर वारा सरेपर्यंत रोग्याला उपाशी ठेवायची आमच्याकडची जुनी रीत. बाई कडाडत, "याला पुरावा काय? बहुतेकांना लवकर खायला दिलं तर ते लवकर सावरतात. मोठ्यांनी सांगितलं म्हणून कुणाला उपाशी मारू नका!"

मग बाईंचंच पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवशी मी भाताची पेज नेली, तर वॉर्डच्या मुख्य ओक सिस्टरांनी वाडगा काढून घेतला. "वारा सरला का, बाई? नाही ना? मग थांबा."

बाई भडकल्या. "हा अडाणीपणा कुणी शिकवला तुला?"

"तुम्हीच, बाई. वीस वर्षांपूर्वी."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आजवर किती जणांना थांबवलंस?"

"सगळ्यांना, बाई."