खेकडा-कोळ्याचा रंग

आमच्या उरणच्या घरी देवाची फुलं सुपात झटकल्याशिवाय आत यायची नाहीत. आई म्हणायची, "देवाला जिता किडा चालत नाय." तगर झटकली की पांढरे कोळी सुपात पडायचे आणि खेकड्यासारखे तिरपे पळायचे. हे जाळं विणत नाहीत, फुलात दबा धरून माशी पकडतात. त्यांच्यावरच मी एम.एस्सी.चा प्रबंध घेतला होता. वडिलांनी बजावलं होतं, "पास झालीस तर शीक पुढं, नायतर लगीन."

मुंबईच्या कॉलेजातले माझे सर या कोळ्यांच्या अख्ख्या वंशाचं वर्गीकरण करत होते. उरणचे पांढरे आणि जासईच्या मावशीकडचे पिवळे कोळी मीच त्यांना नेऊन दिले. झालं! सरांनी दोन जाती ठरवल्या. पांढरी उरणची, पिवळी जासईची. नकाशावर ठिपकेसुद्धा दिले. अहो, मधे आहेत काय, तर खाचरं आणि मिठागरं!

मी म्हटलं, "सर, मावशीच्या दारात तगर नाही, पिवळी कण्हेर आहे. फुलासारखा रंग धरतात ते. मायक्रोस्कोपखाली मादीचं जननांग बघू या ना, जात त्यावरून ठरते."

"तुम्ही मुलींनी गोळा करावं," सर म्हणाले. "ठरवायला आम्ही आहोत."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी आले, तगरीवरची एक पांढरी मादी बरणीत घातली आणि आत पिवळी कण्हेर ठेवली. रोज ताजं फूल, रोज एक माशी. आई करवादायची, "शिकून शिकून माशाच मारतंय पोर!" पण मादी हळूहळू पिवळीधम्मक झाली. बरणी पोटाशी धरून मोऱ्याच्या बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले, ती थेट प्रयोगशाळेत.

सरांनी बरणी उजेडात धरली. "वा! जासईची."

"नाही सर. आमच्या तगरीवरची. पांढरी होती."

 सरांनी झाकण काढून ती जिवंत मादी स्पिरिटच्या बाटलीत टाकली. माझ्या डोळ्यांदेखत!

"स्पिरिटमध्ये रंग उतरतोच," ते शांतपणे म्हणाले. "आता काय दाखवणार?"

म्हणजे माणसाला कळलं होतं! सर नुसते चुकले असते तर सोडूनही दिलं असतं मी. पण सगळं कळून केलं मेल्याने.

प्रबंधात मी जात एकच लिहिली. सरांनी मला नापास केलं आणि वैशाखात वडिलांनी माझं लग्न लावलं. सर आले होते लग्नाला. वडिलांनी त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं, आग्रह करकरून वाढलं, आणि मला त्यांच्या पाया पडायला लावलं.